गोपुरी: सोनखत, चामडे आणि प्रार्थना

"वास घेवन बघ."

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वाडीतल्या एका आजोबांनी परसातल्या संडासाच्या मागच्या बाजूची फळी काढली होती आणि आतून ओंजळभर माती काढून माझ्यापुढे धरली होती. मी नाक दाबून मागे सरलो. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. ओंजळ तशीच धरून उभे राहिले. शेवटी मी वास घेतला. आंब्याखालचा कुजलेला पाचोळा पहिल्या पावसात भिजला की येतो तसा वास होता. माती काळसर, रवाळ, बोटांच्या फटींतून सुटी होऊन गळणारी. "सा म्हयने झाकून ठेवलंय," ते म्हणाले. "आता ह्यां सोनखत झालां. माडाक घालतलंय." आणि जरा थांबून, "कणकवलेक शिकलंय. आप्पासायबांकडे."

गोपुरी आश्रमाशी माझी पहिली ओळख ती. आश्रमाचा इतिहास लिहायला बसलो की आजही आधी ती ओंजळ आठवते, तारखा नंतर.

त्याच्या आधीचीही एक आठवण आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. किनाऱ्यावरच्या एका शहरवजा गावात आमचे आजोळ होते. तिथे टोपलीचे संडास. घरांच्या मागून एक अरुंद बोळ जायची आणि सकाळी त्या बोळातून एक बाई यायची, डोक्यावर मैल्याचा डबा घेऊन. पावसाळ्यात त्या डब्यातून पाणी झिरपत तिच्या खांद्यावर उतरे. तिला प्यायला पाणी द्यायचे तर आजी वरून ओतायची, तिची ओंजळ खाली. तिचे नाव आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. माझी आजी प्रेमळ होती, देवभोळी होती, दारात आलेल्याला उपाशी पाठवत नसे. आणि तरीही हे रोज घडत होते. आप्पासाहेब पटवर्धनांनी ज्याच्यासाठी सगळे आयुष्य वेचले ते काम म्हणजे ही बोळ बंद करण्याचे काम.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घर चित्पावन ब्राह्मणाचे, बुद्धी तल्लख, विषय तत्त्वज्ञान. पुण्याला प्राध्यापकी मिळाली होती. त्या काळी कोकणातल्या मुलाला याहून अधिक काय हवे असते? ती सोडून ते गांधीजींकडे गेले, साबरमतीच्या आश्रमात राहिले आणि मग कोकणात परतले. मुंबईची वाट धरणाऱ्यांच्या या मुलखात उलट दिशेने चालत आलेला हा माणूस. लोक त्यांना पुढे 'कोकणगांधी' म्हणू लागले. मला ही उपाधी फारशी आवडत नाही. तिच्यामुळे आप्पासाहेब कोणाची तरी प्रतिकृती वाटतात, आणि गोपुरीत त्यांनी जे केले ते त्यांच्या स्वतःच्या हातांचे आणि डोक्याचे होते.

मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच शिरोड्यात शाळा चालवत होते. महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले आणि लाठ्या खाऊन मिठाला हात घालून गेले. आप्पासाहेब त्यात पुढे होते. पण त्यांच्या आयुष्यातला आणि पुढे गोपुरीच्याही आयुष्यातला खरा निर्णायक प्रसंग शिरोड्याच्या उन्हात घडला नाही, तो रत्नागिरीच्या तुरुंगात घडला.

१९३२ चे साल. तुरुंगात संडास साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच द्यायचे, अशी रीत. आप्पासाहेबांनी अर्ज केला: हे काम मला द्या. तुरुंगाला कळेना की हा मागतो आहे काय. कैदी सवलत मागतात, दूध मागतात, पुस्तके मागतात. हा प्राध्यापक मैल्याची बादली मागत होता. परवानगी नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. गांधीजी तेव्हा येरवड्यात होते. पुणे करारापूर्वीचे त्यांचे उपोषण होऊन तीन महिनेही झाले नव्हते, शरीर सावरले नव्हते. आप्पासाहेबांची बातमी कळल्यावर सरकारशी पत्रव्यवहार झाला, त्याने काही निष्पन्न होईना, आणि ३ डिसेंबर १९३२ ला गांधीजींनी स्वतः अन्न सोडले. दोनच दिवसांत सरकारला आश्वासन द्यावे लागले. स्वेच्छेने हे काम मागणाऱ्या सवर्ण कैद्याला ते देता येईल, अशी वाट पुढे मोकळी झाली.

ही गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असते, पण त्यातला हट्ट नीट पाहायला हवा. अस्पृश्यता वाईट आहे असे म्हणणारे तेव्हा अनेक होते, भाषणे देणारेही होते. आप्पासाहेबांचे म्हणणे इतकेच होते की जोवर ही बादली जन्माने ठरलेल्या हातातच राहते तोवर भाषणाला अर्थ नाही. आधी ती आपल्या हातात घ्यायची, मग ती मुळात लागणारच नाही अशी व्यवस्था शोधायची. गोपुरी म्हणजे या दुसऱ्या वाक्याचा शोध.

कणकवलीच्या दक्षिणेला, वागदे गावच्या हद्दीत, गड नदीच्या काठी १९४८ साली गोपुरी आश्रम उभा राहिला. तेव्हा हा रत्नागिरी जिल्हाच होता; सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. गांधीजींना जाऊन काही महिनेच झाले होते. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांना आगी लागलेल्या, मने कडवट झालेली, आणि अशा दिवसांत एक ब्राह्मण मेलेल्या गुरांची कातडी सोलायला बसतो. नातेवाइकांना, जातभाईंना ते काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

चामड्याचे काम गोपुरीत हौसेखातर आले नव्हते. कोकणात घरटी गुरे, आणि गुरू मेले की ते ओढून नेण्याचे, सोलण्याचे काम ठरावीक वाड्यांचे. गावाने त्यांच्याकडून ते करून घ्यायचे आणि त्या कामाचाच विटाळ धरायचा. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी असेच चर्मालय उभे केले होते. आप्पासाहेबांनी सुरी स्वतःच्या हातात घेतली. कातडे फाटू न देता सोलणे हे कौशल्याचे काम आहे. पोटाच्या मधोमध सरळ चीर द्यायची, पायांच्या आतून छेद जुळवत आणायचे, आणि मग सुरीपेक्षा मुठीने, अंगठ्याने कातडे मांसापासून सोडवत न्यायचे. सुरी एकदा आत घसरली की त्या जागी खाच पडते आणि कमावलेल्या चामड्याचा भाव उतरतो. गुरू मरून किती वेळ झाला यावर सारे अवलंबून. कोकणच्या दमट हवेत काही तासांचा उशीर झाला तरी केस सुटायला लागतात. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक हे शिकला आणि त्याने ते इतरांना शिकवले.

त्यामागे हिशेबही होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मेलेले गुरू नुसते पुरून टाकले की गावाचे नुकसान. कातड्याचे चामडे होते, शिंगांच्या वस्तू होतात, मांसाचे खत होते, आणि हाडांची भुकटी म्हणजे स्फुरद. आपली जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली; ती स्फुरद धरून ठेवते, पिकाला सहजासहजी देत नाही. भाताच्या कोपऱ्यात पडलेली मूठभर हाडभुकटी काय करते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चपलेसाठी गुरे मारावी न लागता चामडे मिळते हा गांधीविचारातला मुद्दा होताच. आप्पासाहेबांनी त्याला कोकणच्या मातीचे कारण जोडले.

इथे एक आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉ. आंबेडकर आपल्या समाजाला सांगत होते की मेलेली गुरे ओढू नका, ही कामे सोडा. भंगीकामाला पुण्यकर्म म्हणण्यावर त्यांची टीका कठोर होती, आणि ज्यांच्या डोक्यावर तो डबा पिढ्यान् पिढ्या होता त्यांच्या बाजूने पाहिले तर ती पूर्णपणे रास्त होती. कामाचा गौरव करून करणारा तिथेच राहत असेल तर त्या गौरवाचा उपयोग काय? आप्पासाहेबांच्या बाजूने मला एवढेच म्हणता येते की त्यांनी 'हे काम पवित्र आहे, तुम्ही करत राहा' असे दलितांना सांगितले नाही. 'हे काम आपले आहे, चला' असे त्यांनी सवर्णांना सांगितले. आले थोडेच. गोपुरी कायम लहान राहिली याचे मुख्य कारण मला तेच दिसते.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली आणि सफाई कामगारांच्या हलाखीची अधिकृत चौकशी झाली. गोपुरीत मात्र प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला जात होता: संडासच असा बांधायचा की तो दुसऱ्या कोणी उपसायला नको. 'गोपुरी संडास' या नावाने जी पद्धत ओळखली जाते तिची कल्पना साधी आहे. दोन कप्पे. एक वापरायचा, दुसरा बंद. प्रत्येक वेळी वरून माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो झाकायचा आणि दुसरा उघडायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले सगळे कुजून खत झालेले असते. पाचोळ्यामुळे हवा खेळती राहते, मातीमुळे दुर्गंध आणि माशा दबतात; आणि मुख्य म्हणजे काळ आपले काम करतो. जंतांची अंडी चिवट असतात, ती महिनोन् महिने तग धरतात, म्हणून घाई करून चालत नाही. वाडीतल्या त्या आजोबांनी सहा महिने का मोजले होते ते मला फार उशिरा कळले.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. किनाऱ्याच्या पुळणीत तर आषाढात हातभर खणले की पाणी लागते. तिथे खोल शोषखड्डा म्हणजे शेजारच्या विहिरीत मैला सोडणेच. कप्पे जमिनीच्या वर बांधायचे, हा उपाय म्हणूनच इथल्या माणसाला सुचतो. शहरातल्या अभियंत्याने नकाशावर काढलेला संडास आणि पावसात छत्री धरून विहिरीकडे पाहणाऱ्या माणसाने काढलेला संडास यांत हा फरक असतो. पुढे गोबरगॅसही आला. शेणाबरोबर संडासाचा मैलाही त्याच टाकीत घेऊन त्याच्यावर चूल पेटवायची, हा विचार ऐकून पुष्कळ घरांत जेवण उतरत नसे. निळी, धूर नसलेली ज्योत पाहिली की मग बाया पहिल्यांदा जवळ यायच्या, कारण ओल्या लाकडांनी चुलीत फुंकून डोळे त्यांचे गेलेले असत.

आता प्रार्थनेविषयी. गोपुरीचा इतिहास फक्त संडासांचा आणि चामड्याचा लिहिला तर तो अर्धाच राहील.

गांधींच्या परंपरेतल्या आश्रमांत दिवस प्रार्थनेने उघडतो आणि प्रार्थनेने मिटतो. गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे, विनोबांची गीताई, सर्व धर्मांची प्रार्थना, आणि एकादश व्रते. या अकरा व्रतांची नावे आपण इतक्या वेळा म्हणतो की ती कानावरून जातात. पण त्यांत सत्य-अहिंसेच्या पंक्तीत शरीरश्रम आहे आणि स्पर्शभावना आहे. म्हणजे फावडे आणि शिवाशिव हे दोन्ही विषय रोज सकाळी देवापुढे काढले जात होते. पुजारी नाही, मूर्ती नाही, सोवळे नाही. चटईवर बसलेली माणसे, आणि त्यांतल्या कोणाचे हात आदल्या दिवशी कातड्याला लागलेले आहेत हे सगळ्यांना ठाऊक.

जगात अशा लहान उपासक मंडळ्या आणखीही आहेत, आणि त्यांतल्या एका मंडळीशी गोपुरीचे नाते मला फार जवळचे वाटते. ते क्वेकर. आपल्याकडे हा शब्द ओट्सच्या डब्यावरून माहीत आहे, पण त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने निघालेला हा ख्रिस्ती पंथ स्वतःला 'मित्रमंडळ' म्हणवतो. त्यांच्या जुन्या रीतीच्या सभेत पाद्री नसतो, ठरलेले स्तोत्र नसते. सगळे एकत्र बसतात आणि गप्प राहतात. आतून काही बोलावेसे वाटले तर कोणीही, बाई असो की पुरुष, उठून चार वाक्ये बोलतो आणि बसतो. प्रत्येक माणसात देवाचा काही अंश आहे एवढीच त्यांची मुख्य श्रद्धा, आणि तिच्यातूनच शस्त्र न धरणे, दुष्काळात, युद्धात धावून जाणे हे सगळे निघते. १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या सेवासंस्थांना मिळाले.

मराठी वाचकाची क्वेकरशी गाठ बहुधा आप्पासाहेबांनीच घालून दिली आहे. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचा. त्यात प्रिटोरियातले कोट्स नावाचे क्वेकर गृहस्थ भेटतात. ते तरुण गांधींना पुस्तके देतात, फिरायला नेतात, आणि एके दिवशी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून ती तोडायला सांगतात. गांधी नकार देतात: आईने घातलेली माळ आहे, आपण होऊन तोडणार नाही. मैत्री मात्र टिकते. माळ घातलेल्या वारकऱ्यांच्या भाषेत हा प्रसंग उतरवताना आप्पासाहेबांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. श्रद्धा आपापली ठेवून माणसे एकत्र चालू शकतात, याचे इतके छोटे आणि इतके पुरेसे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

सिंधुदुर्गात क्वेकरांची वस्ती कधी नव्हती. त्यांचे काम जुन्या मध्य प्रांतात होते. रेचल मेटकाफ १८६६ मध्ये भारतात आल्या आणि पुढे नर्मदाकाठच्या होशंगाबादला काम रुजले. तिथेच शिकवलेले जॉन हॉयलंड नंतर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, मराठी संतांच्या प्रेमात पडले आणि १९३२ मध्ये त्यांनी तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मार्जोरी साइक्स सेवाग्रामला नयी तालीमच्या शिक्षकांना घडवत राहिल्या. होशंगाबादजवळच्या रसूलियाचे क्वेकरांचे ग्रामकेंद्र शेतीत, विहिरींत, शाळांत रमले. १९७२ मध्ये सोळा शाळांत मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा जो उपक्रम सुरू झाला त्यात ते केंद्र किशोर भारती संस्थेच्या बरोबरीने होते.

रसूलिया आणि गोपुरी ही दोन नावे मी मुद्दाम शेजारी ठेवतो. दोन्ही ठिकाणी मूठभर माणसे, दोन्ही ठिकाणी प्रार्थनेतून उठून थेट मातीत हात. दोन्ही ठिकाणी कोणाला आपल्या पंथात ओढण्याची घाई नाही. आणि दोन्ही ठिकाणचे काम संस्थेच्या कुंपणाबाहेर, दुसऱ्याच नावाने वाढले. होशंगाबादचा विज्ञान-उपक्रम शेकडो शाळांत गेला तेव्हा किती शिक्षकांना रसूलियाची शांत सभा माहीत होती?

गोपुरीचेही तसेच. १९७१ मध्ये आप्पासाहेब गेले. आश्रम चालू राहिला. पण त्यांचे काम सगळ्यांत दूरवर गेले ते देहूला. देहूच्या आरोग्यकेंद्रातले डॉ. मापुसकर गावात संडास बांधायच्या खटपटीत होते, आणि आप्पासाहेबांकडून ते ही विद्या शिकले. पुढे त्यांनी संडासाला जोडलेल्या जैववायूच्या टाकीचा स्वतःचा आराखडा तयार केला आणि देहूला जी संस्था काढली तिला आप्पासाहेबांचेच नाव दिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात कणकवलीचे सोनखत पोहोचले, असे मी मनाशी म्हणतो.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. आम्ही सगळे हरखून गेलो. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी गावोगाव जैववायूच्या टाक्या उभ्या केल्या होत्या, ग्रामपंचायती राबल्या होत्या, बचतगटांच्या बायका राबल्या होत्या. त्या यशात ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने मागितलेल्या बादलीचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण तो आहे.

टोपलीचे संडास बांधायला आणि माणसाकडून मैला उचलून घ्यायला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये तो अधिक कडक झाला. आजोळची ती बोळ केव्हाच बुजली. तिथे आता घरांच्या भिंती एकमेकींना टेकल्या आहेत. पण मालवण, तारकर्ली, देवबागच्या पुळणीत आता पर्यटकांच्या खोल्या दाटीने उभ्या आहेत, आणि प्रत्येक खोलीमागे सेप्टिक टाकी आहे. टाकी भरली की ती उपसायला टँकर येतो, टँकरबरोबर दोन मुलगे येतात. ते कुठून आले, त्यांची नावे काय, हे घरमालकाला माहीत नसते. टाकीत तळाशी साचलेला गाळ पाइपने निघत नाही तेव्हा आत कोण उतरते, हे मी पाहिले आहे.

गेल्या वर्षी आमच्या परसात मी दोन कप्प्यांचा संडास बांधून घेतला. गवंड्याला समजावून सांगताना मला त्या आजोबांचे शब्दच उसने घ्यावे लागले. पहिला कप्पा गणपतीआधी झाकला आहे. तो फाल्गुनात उघडायचा, आणि नातवाला शेजारी उभे करायचे आहे.